तीर्थपुरीहून परत आलेली डेग

नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरलेल्या माणसाकडे काय काय उरतं हे मला तोंडपाठ आहे, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगतो. अंगावरचे कपडे उरतात. अंथरूण-पांघरूण उरतं. माणूस कारागीर असेल तर त्याची हत्यारं उरतात. आणि घरातली स्वयंपाकाची भांडी उरतात, गरजेपुरती. बाकी सगळं कोर्टाच्या ताब्यात जातं. माझी पंचाईत एवढीच होती, की माझा धंदाच भांड्यांचा होता.

जालना जिल्हा नवानवा झाला तेव्हा मी लग्नकार्याला भांडी भाड्याने देण्याचं दुकान काढलं. परात, पातेली, झारे, वगराळी, पाण्याची पिंपं, पंगतीची ताटं. तेव्हा लग्नं दारात व्हायची, नाहीतर शाळेच्या पटांगणात, नाहीतर कापणी झालेल्या रानात. माझी भांडी ट्रॅक्टरमधून खडखडत जायची आणि मी त्यांच्यामागून नवरदेवाच्या बापाच्या थाटात जायचो. बारा-चौदा वर्षं असं छान चाललं. मग गावात मंगल कार्यालयं निघाली. त्यांची भांडी त्यांच्याकडेच असायची. ज्याला थोडी अक्कल होती त्याने तेव्हा माल कमी केला. मी हजार ताटांचा नवा सेट उधारीवर घेतला, कारण हजार ताटं पाहिली की लोक कार्यालय सोडून माझ्याकडे येतील अशी माझी खात्री होती.

लोक पाहायला आले. पाहून कार्यालयात गेले.

बँकेचं कर्ज होतं. ज्या ठोक व्यापाऱ्याने ताटं दिली त्याचं देणं होतं. आणखी चार-पाच जण होते. वकीलसाहेबांकडे गेलो तेव्हा ते शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "दोन रस्ते आहेत. एक, पळून जा. दोन, नादारीचा अर्ज करा. पळून जाण्यात खर्च जास्त आहे."

अर्ज केला. कोर्टाने मला नादार ठरवलं. त्या दिवशी रडू येईल म्हणून मी बायकोकडून धुतलेला रुमाल मागून नेला होता. जज्जसाहेब हुकूम वाचत होते आणि मी वरच्या पंख्याकडे बघत होतो. पंख्याची एक पाती किंचित वाकडी होती, तरी तो नीट फिरत होता. एवढंच लक्षात आहे. रुमाल कोरडा परत आला. बायकोने तो पुन्हा घडी करून फडताळात ठेवला.

पुढच्याच आठवड्यात रिसीव्हर आले. कोर्टाने माझ्या मालमत्तेवर नेमलेले हे गृहस्थ वयस्कर वकील होते, बारीक अंगाचे, आणि त्यांच्याकडे एक पेन्सिल होती. प्रत्येक भांड्याला ते पेन्सिलीने टकटक करायचे, आवाज ऐकायचे आणि मग लिहायचे. दुकान एका दुपारीत उरकलं. मग ते घरात आले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले आणि म्हणाले, "वहिनी, आत येऊ का?"

बायको म्हणाली, "या ना. चहा ठेवते. पातेलं मोजण्याआधी ठेवू का मोजल्यावर?"

आता माझा पराक्रम सांगतो. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत आहे. लेकीला दिलेल्या भांड्यावर आईचं नाव, आहेरातल्या तांब्यावर मामाचं. भांडं कुणाचं, कुणी कुणाला दिलं, सगळं त्यावर कोरलेलं असतं. भाड्याच्या धंद्यात तर नाव हवंच, नाहीतर पंगत उठल्यावर कुणाची परात कुणाच्या घरी जाईल याचा नेम नाही. दुकान काढलं त्या वर्षी मी नाव टाकायचं विजेचं मशीन घेतलं. ते मशीन हातात आल्यावर माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. दुकानातल्या सगळ्या भांड्यांवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि नंबर टाकून झाला, तरी हौस भागेना. मग मी घरात शिरलो. बायकोच्या माहेरच्या भांड्यांवर, तिच्या आईचं नाव होतं त्याच्याच वरून, तेच अक्षर ठसठशीत कोरलं आणि पुढचे नंबर घातले. तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, मला पण एक नंबर टाका." मी खूप हसलो होतो.

रिसीव्हरांनी घरातला पहिला डबा उचलला, टकटक केली, उलटा केला. माझं अक्षर. दुसरा. माझं अक्षर. नंबर दुकानाच्या भांड्यांच्या पुढे सलग चाललेले.

"हे घरचं आहे," मी म्हणालो.

"शिक्का दुकानाचा आहे."

"शिक्का मीच टाकला."

"तेच तर मी लिहून राह्यलो," ते म्हणाले.

शेवटी माणूस दयाळू, म्हणून दोन पातेली, तवा, परात, कढई आणि थोडी किरकोळ भांडी गरजेपुरती म्हणून सोडली. बाकीची गेली. बायको दारात उभी राहून एकेक भांडं जाताना बघत होती. मी चहा पीत होतो. चहात साखर नव्हती हे मला कप खाली ठेवल्यावर कळलं.

नादार माणसाला आणखी एक नियम असतो. पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधार घ्यायचं असेल, तर देणाऱ्याला आधी सांगावं लागतं की मी नादार आहे आणि माझी अजून मुक्तता झालेली नाही. न सांगता घेतलं तर तुरुंग. मला हा नियम फार आवडला. मी किराणा दुकानात जायचो, पायरीवर ताठ उभा राहायचो आणि हात जोडून ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणायचो. गिऱ्हाइकं वळून बघायची. दुकानदार पहिल्यांदा घाबरला. दुसऱ्यांदा म्हणाला, "शेठ, मंग चाळीसचंच घ्या ना. कशाला सकाळी सकाळी भाषण करून राह्यले." घरी येऊन मी हे बायकोला नक्कल करून दाखवलं. ती हसली. आपण दोघंही हसतो आहोत हे मी बाहेरून बघितल्यासारखं बघत होतो.

तर आता सगळी भिस्त एका गोष्टीवर होती, मुक्ततेच्या हुकमावर. तो मिळाला की जुनी देणी मागे पडतात, माणूस नव्याने काही करू शकतो. तो मिळायला एक अट मुख्य. काही लपवलेलं नसावं. एक चमचा जरी लपवला आणि कुणी दाखवून दिला, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. आणि ठोक व्यापाऱ्याने हरकत घेतलीच होती. त्याचं म्हणणं, यादीत आहे त्याहून माझ्याकडे माल जास्त होता, मी तो कुठेतरी दडवला आहे.

त्याचं अर्धं बरोबर होतं. माल होता, पण तो मी दडवलेला नव्हता. इतक्या वर्षांत माझी भांडी अर्ध्या जिल्ह्यात राहून गेली होती. पंगतीनंतर चुकून गेलेली, नंतर देतो म्हणून ठेवलेली. मी ती कधी मागितली नव्हती, कारण भांड्यावर माझं अक्षर आहे म्हणजे माझी जाहिरातच चालली आहे, असं मी म्हणायचो.

कोर्टाची नोटीस पेपरात आली आणि भांडी परत यायला लागली.

पहिला माणूस पिंपळगाव रेणुकाईचा. दोन वगराळी कागदात गुंडाळून घेऊन आला. म्हणाला, "शेठ, बुडालेल्या माणसाचं भांडं घरात ठेवू न्हाई म्हणली म्हातारी. घ्या." पाणीसुद्धा न पिता गेला. मग जांब समर्थहून एक परात आली. मग बादली, झारे, एका शाळेतून चाळीस पेले. कुणी दयेने आणायचं, कुणी भीतीने. काही जण दार वाजवायचे आणि ओट्यावर ठेवून निघून जायचे. मी प्रत्येक वस्तू सायकलला बांधून रिसीव्हरांकडे न्यायचो. ते टकटक करायचे आणि यादीला पुरवणी जोडायचे. सातवी पुरवणी जोडताना त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुमच्या जिल्ह्यात कुणी चोर न्हाई का हो?"

"होते साहेब. आता सगळे सुधारून राह्यले."

पण प्रत्येक पुरवणीने व्यापाऱ्याची हरकत पक्की होत होती. बघा, तो म्हणायचा, मी काय सांगितलं होतं, माल निघून राह्यला की न्हाई.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी एक रिक्षा दारात थांबली. त्यातून आधी एक पागोटेवाले आजोबा उतरले आणि मग त्यांनी आणि रिक्षावाल्याने मिळून पोत्यात बांधलेलं काहीतरी उतरवलं.

"तीर्थपुरीहून आलो," आजोबा म्हणाले. "एसटीच्या टपावर टाकून आणली. भावाच्या पोराच्या लग्नाला नेल्ती, तुमचं दुकान नवं होतं तवा. मंग राह्यलीच. आमी पाणी तापवायलो तिच्यात. माफी असावी."

त्यांनी पोतं सोडलं. तांब्याची डेग होती, पंगतीचा भात शिजवायचं मोठं भांडं. काळी पडलेली, एका कानाशी पोचा पडलेला. बायको आतून आली, पदराने तिची कड पुसली आणि खाली बसली. माझं अक्षर होतं, नंबरही होता. आणि त्याच्या खाली, छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, तिच्या आईचं नाव. ही डेग तिला लग्नात आईने दिली होती. दुकान नवं असताना एकदा डेग कमी पडली म्हणून मी ती बायकोला न विचारता गाडीत घातली होती. आल्यावर मी सांगितलं होतं, उद्या येईल.

आजोबा गेले. आम्ही दोघं डेगीकडे बघत बसलो.

"शेजाऱ्यांकडे ठेवू का?" मी म्हणालो. "उद्यापर्यंत. उद्या निकाल लागला की आणू."

"आणि कुणी दाखवून दिली तर?"

"कोण दाखवतंय."

"ते आजोबा तिला एसटीच्या टपावरून घेऊन आले," ती म्हणाली. "अर्ध्या तालुक्याने बघितली असंल. उद्या कोर्टात घेऊन चला."

"मग गेलीच ती."

"पंधरा वर्षं गेलेलीच होती ना."

ती आत गेली. पीठ मळल्याचा आवाज येत राहिला. मला वाटत होतं आता तरी काहीतरी वाटेल. मी डेगीच्या पोच्यात अंगठा घालून पाहिला. अंगठा नेमका बसत होता.

दुसऱ्या दिवशी मी डेग कोर्टात नेली. शिपायाने विचारलं, जेवण आहे का. साहेबांसमोर रिसीव्हरांनी पेन्सिलीने टकटक केली. डेगीचा आवाज खोलीभर घुमला आणि बाहेरच्या बाकावरचे दोन पक्षकार आत डोकावले. ठोक व्यापारी उठला. "बघा साहेब. आठवी पुरवणी."

साहेबांनी विचारलं, "ही यादीत का नव्हती?"

मी जे झालं ते सांगितलं. मशीन, हौस, माहेरची भांडी, तीर्थपुरी. एवढी गोष्ट सांगताना एरवी मी हातवारे केले असते. त्या दिवशी हात खाली होते.

साहेब म्हणाले, "खालचं नाव आधीचं, हे कशावरून? तुम्ही ते काल कोरून घेतलं नसेल कशावरून?"

मी वकीलसाहेबांकडे बघितलं. ते फाईल चाळायला लागले. तेव्हा व्यापारी जागेवरून हलला. तो डेगीजवळ आला, चष्मा कपाळावर चढवला आणि त्या ठिपक्यांवरून नख फिरवलं. तीस वर्षं भांडी विकणारा माणूस तो. त्याने रुमाल ओला करून घासलं आणि पुन्हा पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिडलेला होता, "मशीनची रेघ ठिपक्यांच्या वरून गेलीय. ठिपका आधीचा. आणि हे ठिपके हातोडीचे हायेत, असं काम करणारा आता जालन्यात कुणी न्हाई. काळं बराबर आत बसलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सासूच्या नावावर मशीन चालवलं व्हय रे तू?"

"चालवलं."

"हजार ताटं बुडवली त्याचं मला एवढं न्हाई वाटलं," तो म्हणाला आणि जाऊन बसला. हरकत त्याने मागे घेतली नाही. पण नंतर साहेबांनी त्याला विचारलं, आणखी काही म्हणायचं आहे का, तेव्हा त्याने नाही म्हणून मान हलवली.

डेग बायकोची ठरली; माहेरची बाकीची भांडी तोवर लिलावात गेली होती. मुक्ततेचा हुकूम त्याच महिन्यात झाला. मी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. पाती सरळ केलेली होती.

डेगीला कल्हई करून आणली. कल्हईवाल्याने विचारलं, वरचं अक्षर घासून काढू का. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "काढा." त्याने कानस फिरवली, दहा-बारा हात मारले, झालं. तिथे एक गुळगुळीत चकाकणारी जागा राहिली.

उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतले लोक लग्नाला डेग मागायला आले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "दिवसाचं भाडं पडंल. आणि उद्या दुपारच्या आत परत." मग मला म्हणाली, "पोचवून या. आणि घेऊन पण तुम्हीच या."

मी ती खांद्यावर घेतली. चालताना हात आपोआप त्या गुळगुळीत जागेवर जात होता. लग्नघरी पोचलो तेव्हा नवरीच्या बापाने विचारलं, "डेग कुणाची म्हणायची?"

मी डेग फिरवली आणि ठिपके त्याच्या बाजूला केले.