सेन्सॉरने कापलेला सदतिसावा शॉट

भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आले. माझा विश्वास याद्यांवर — सामानाच्या, औषधांच्या, कचऱ्याचा कोणता बिन कोणत्या वारी बाहेर ठेवायचा त्याच्या. तेव्हा हेही क्रमानेच लिहिते.

२००४ चा मार्च, मंगळवार. आम्ही इंग्लंडमध्ये वॉटफर्डला राहायचो. मी एका फिल्म अर्काइव्हमध्ये पार्ट-टाइम कॅटलॉगिंग करायचे. त्या आठवड्यात एका जर्मन मूकपट-मालिकेची रिळं आली होती — भागाभागांतली गुन्हेगारी कथा. तिकडच्या सेन्सॉरचं प्रत्येक भागाला एक कार्ड असे: काय कापलं, किती मीटर. गुन्हा करायला शिकवतील असे शॉट हमखास कापलेले. आमची पद्धत अशी, की कार्ड न बघता आधी रिळावरून शॉटची यादी करायची, मग ती कार्डाशी ताडून बघायची.

दुपारी मी चौथ्या भागाची यादी माझ्या सहकारी मार्गारेटला वाचून दाखवत होते. कार्ड तिच्या हातात होतं. तिने मध्येच थांबवलं.

"चीटिंग! तू आधी कार्ड वाचलंस."

"मला जर्मन येतं कुठे?"

"मग सदतिसावा शॉट कुठून आणलास? तो तर कापलाय."

माझ्याच अक्षरात होतं: 'हातमोजे घातलेला माणूस गॅसची कळ उघडतो. शेजारच्या खोलीत म्हातारी झोपलेली. उशाशी तांब्या-भांडं.'

जर्मनीतल्या म्हातारीच्या उशाशी... तांब्या-भांडं?

रीळ पुन्हा लावलं. छत्तिसावा शॉट, लगेच अडतिसावा. मध्ये काही नाही. पुण्याहून आलेल्या सासूबाई घरी एकट्या होत्या. दुपारी झोपायच्या, उशाशी तांब्या-भांडं घेऊन. अडीचला उठून चहा. दोन अठ्ठावीस झाले होते.

फोन खूप वेळ वाजला.

"अगं, किती वाजवतेस! उठलेय, चहाच टाकतेय —"

"आई, लायटर खाली ठेवा! गॅस पेटवू नका. आत्ताच्या आत्ता बागेत जा."

"चपला तरी घालू देशील?"

"अनवाणी जा!"

गॅसवाल्यांना मीच कळवलं. मी पोचले तेव्हा त्यांचा माणूस खिडक्या उघडून उभा होता. चारही बर्नर पूर्ण उघडे सापडले, असं तो म्हणाला. सर्दीमुळे सासूबाईंना वास आला नव्हता. दूध तापवताना चुकून राहिले असतील, मी मनाशी म्हटलं. पण... चारही?

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दुपारी आला होता तो हातमोजे घातलेला उंच माणूसही गॅसवाल्यांतलाच का गं? मी नुकती पडले होते. किल्ली तूच दिली असशील म्हटलं."

"काय म्हणाला?"

"बोलत होता काहीतरी. नुसते ओठ हलत होते. सर्दीने कानाला दडे बसले म्हणावं, तर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती."

मी दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. कुलूप तोडल्याची खूण कुठेच नव्हती. यादीचं ते पान आजही माझ्याकडे आहे, आणि तो शॉट मी कुठे पाहिला हे मला आजही सांगता येत नाही. पाचव्या भागाची यादी मी केली नाही.