सतरा नंबरचा जिवाणू

हिरामण उगले अकरा वर्षं रोज त्या कॉलेजात गेला आणि अकरा वर्षांत एकदाही त्यानं मस्टरवर सही केली नाही. मस्टर नोकरदारांचं. हिरामण संशोधन सहयोगी होता, म्हणजे पीएच.डी. झाल्यावर पुढच्या संशोधनासाठी दिल्लीच्या एखाद्या योजनेवर नेमलेला माणूस. योजना तीन वर्षांची. ती संपली की दुसरी शोधायची, नाहीतर आहे तीच सहा महिने ताणायची. मुदतवाढीचं पत्र नेहमी मुदत संपल्यावर यायचं आणि मधल्या काळात हा माणूस कॉलेजात कोण लागतो हे कोणालाच सांगता आलं नसतं. त्याच्या खोलीवर पाटी नव्हती. वार्षिक अहवालात त्याचं नाव शिपायांच्या खाली, 'इतर' या मथळ्यात यायचं.

मुलगी तृप्ती पहिलीत गेली तेव्हा फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय काय लिहायचा, यावर पंचवटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत बरीच चर्चा झाली. बायको सरिता महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिनं शेवटी 'नोकरी' असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"खोटं कुठंय?" ती म्हणाली. "आईची वडिलांच्या रकान्यात पडली, एवढंच."

हिरामण सिन्नर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. शिकायला नाशकात आला आणि कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात गर्गे सरांच्या हाताखाली पीएच.डी.ला लागला. विषय हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींचा. या गाठींत एक जिवाणू राहतो. तो हवेतला नत्र पिकाला पुरवतो आणि पीक त्याला साखर देतं. हिरामणनं पंचेचाळीस शेतांतल्या गाठी फोडून पंचेचाळीस जिवाणू वेगळे केले, कुंड्यांत आणि शेतात पारखले. सतरा नंबरचा सगळ्यांत सरस निघाला. तो त्याच्या आईच्या, सिंधुबाईच्या रानातला होता. यात वशिला नव्हता. कोणता नंबर कोणत्या शेतातला, हे त्यानं निकाल लागल्यावरच रजिस्टर उघडून पाहिलं होतं.

प्रबंध १९९३च्या दिवाळीला तयार होता. गर्गे सर म्हणाले, "घाई कसली? अजून एक रब्बी होऊ दे. तक्ता भक्कम होईल." तक्ता भक्कम झाला आणि प्रबंध मार्चमध्ये दाखल झाला. नियम असा होता की ज्यांचे प्रबंध त्र्याण्णवच्या डिसेंबरअखेर दाखल झाले त्यांना प्राध्यापकीची पात्रता परीक्षा माफ. हिरामण तीन महिन्यांनी बाहेर राहिला. परीक्षेला तो तीनदा बसला आणि तिन्ही वेळा थोडक्यात हुकला. १९९९ मध्ये विभागात एकच जागा भरली, ती मयूर देवरेला मिळाली. मयूरला काचेच्या बशीत आगर, म्हणजे जिवाणूंचं खाद्य, ओतायला हिरामणनंच शिकवलं होतं. परीक्षा मात्र मयूरनं पहिल्या फटक्यात काढली होती.

गर्गे सर निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेले. हिरामण सतरा नंबर घेऊन बसला. शेवटची योजना २००४ साली मिळाली. सतरा नंबरचं जिवाणू खत तयार करायचं, थोड्या शेतकऱ्यांना देऊन पाहायचं, आणि मार्च २००७ मध्ये अहवाल द्यायचा. फेब्रुवारीत दिल्लीहून समिती येणार होती. तिनं मान डोलावली तर दुसरा टप्पा: पाच वर्षं, दोन हजार शेतकरी आणि हिरामणला स्वतःच्या नावानं वैज्ञानिकाचं पद. तो एकोणचाळीस वर्षांचा होता. चाळिशीनंतर कुठल्याच योजनेचं दार उघडत नव्हतं. हे नाही झालं तर काहीच नाही, हे त्याला ठाऊक होतं, सरितालाही ठाऊक होतं.

समितीनं कुंडीतला ताजा प्रयोग मागितला होता. ते काम हिरामणनं एम.एस्सी.च्या हर्षालीकडे दिलं. निर्जंतुक वाळूच्या कुंड्या, तीन रांगा. एक बिनजिवाणूची, एक दिल्लीहून आणलेल्या खात्रीच्या जिवाणूची आणि एक सतरा नंबरची. जानेवारीतल्या एका दुपारी हर्षाली वर्तमानपत्रावर धुतलेली रोपं घेऊन त्याच्या टेबलापाशी उभी राहिली.

"सर, माझंच काहीतरी चुकलंय."

"काय फोडलंस?"

"फोडलं नाही. बघा ना."

दिल्लीच्या जिवाणूच्या मुळांवर गाठींचे घोस होते. हिरामणनं एक गाठ नखानं चिरली, आत गुलाबी होती, म्हणजे काम करणारी. शेजारची रोपं बिनजिवाणूची, पिवळी पडलेली, मुळं गुळगुळीत. तिसरी रांगही तशीच. पिवळी. गुळगुळीत.

"ही बिनजिवाणूचीच दोनदा आणलीस."

"नाही सर. ही सतरा नंबर आहे."

"नळी बदलली असेल."

"नळीवर तुमचं अक्षर आहे," हर्षाली म्हणाली.

हिरामणनं तोच प्रयोग लहान प्रमाणावर, काचेच्या नळ्यांत, या वेळी स्वतःच्या हातानं लावला. दुसऱ्या कोणाला नळीला हात लावू दिला नाही. तीन आठवड्यांनी बारा रोपांची मुळं पाण्यात धरून तो खिडकीशी उभा राहिला. एकही गाठ नव्हती.

मग त्यानं जुनी रजिस्टरं काढली. जिवाणू जिवंत ठेवायचा तर ठरावीक दिवसांनी त्याला जुन्या नळीतून नव्या नळीत न्यावं लागतं. प्रयोगशाळेत त्याला सबकल्चर म्हणतात. पण नळीत जिवाणूला सगळं आयतं मिळतं, गाठ बांधायची गरजच उरत नाही, आणि पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की तो ती विद्या विसरू शकतो. म्हणून वर्षातून एकदा तो हरभऱ्यावर सोडायचा, गाठ येऊ द्यायची आणि त्या गाठीतून परत काढायचा. गर्गे सर सांगायचे, "वर्षातून एकदा त्याला सासरी धाडत जा."

रजिस्टरात अशी शेवटची नोंद १९९९ची होती. २००० साली विभागामागचं जाळीचं शेड पाडून तिथं संगणक विभागाची इमारत उठली. कुंड्या ठेवायला जागा राहिली नाही. यंदाच्या हर्षालीच्या कुंड्यासुद्धा मयूरच्या घराच्या गच्चीवर होत्या. पुढच्या वर्षी बघू, असं हिरामणनं तेव्हा ठरवलं होतं, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी जुन्या भरवशावर चालवलं. दोन हजार पाचला भारनियमन वाढलं. फ्रिज दिवसातले कित्येक तास बंद राहू लागला. जिवाणू मरेल या धास्तीनं तो महिन्याऐवजी दर आठवड्याला सबकल्चर करू लागला. रविवारीही यायचा. आणि दर वेळी बशीतली सगळ्यांत टपोरी, चकचकीत, भराभर वाढलेली वसाहत, म्हणजे जिवाणूंचा ठिपका, तो उचलायचा, बारीक मंद वसाहती टाकून द्यायचा. घरी आई बियाण्याला असंच टपोरं धान्य निवडायची. नळीत जे सगळ्यांत जोमानं वाढतं त्यालाच बहुधा मुळाची गरज उरलेली नसते, हे त्यानं एम.एस्सी.च्या वर्गाला दोनदा शिकवलं होतं.

मयूरनं सगळं ऐकून घेतलं. दार लोटलं.

"हिरामण सर, अठ्ठ्याण्णवच्या कुंड्यांचे आकडे आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत."

"तेच लावा. खोटे थोडेच आहेत? तुम्हीच काढलेत. फक्त साल लिहू नका."

"आणि हर्षालीचं?"

"तिला दुसरा विषय देतो. पोरगी आहे, पहिलाच प्रयोग, फसला म्हणायचं." मग तो म्हणाला, "दुसरा टप्पा मिळाला की निवांत नवीन जिवाणू शोधा. सतरा नंबरच लिहा त्याच्यावर. नंबर काय, आपणच दिलेला. सर, तुमच्यासाठी सांगतोय. मला काय मिळणारय?"

ते खरं होतं. मयूरला काही मिळणार नव्हतं. हिरामणनं दोन दिवस अठ्ठ्याण्णवचा तक्ता टेबलावर ठेवला. एकदा तर तो नव्या कागदावर उतरवून काढला. आकडे सुंदर होते.

रविवारी तो गावी गेला. आईच्या रानातल्या ताज्या गाठी आणाव्यात, असं मनात होतं. नवा जिवाणू पारखायला दोन रब्बी जातात हे माहीत असूनही. सिंधुबाई बांधावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. हिरामणनं पाच झाडं उपटली. मुळांवर गाठी होत्या, विरळ, रानातल्या मूळच्याच जिवाणूच्या.

"आये, मी दिलेलं पाकीट लावलं व्हतं का बियाण्याला?"

"लावलं की. दर साली लावते. गूळपाण्यात कालवून, तू सांगतो तसं."

"फरक पडतो?"

सिंधुबाईनं घाटा सोलून दाणा तोंडात टाकला. "पयल्यांदा पडला व्हता. लय हिरवं दिसायचं. आता काय, तू देतो म्हणून लावते."

"आता म्हंजी कधीपासून?"

"मी काय लिहून ठेवते का? चार-पाच सालं झाली असतील." ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुला नाय सांगितलं. म्हटलं, साहेब लोकं त्याला रागावतील."

आई एकटी नव्हती. योजनेतून तीन वर्षांत तेवीस शेतकऱ्यांना पाकिटं गेली होती. दुसऱ्या टप्प्यात दोन हजारांना जाणार होती. परतीच्या एस.टी.त त्याच्या मांडीवरच्या पिशवीत ती पाच झाडं सुकत होती. घरी आल्यावर उतरवून काढलेला तक्ता त्यानं फाडला आणि समितीपुढं खरं तेच मांडणार, असं सरिताला सांगितलं.

ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून तिनं पाण्याचा हात फिरवला. "मला विचारताय का सांगताय?"

"सांगतोय."

"मग जेवून घ्या," ती म्हणाली. पुढचा आठवडाभर ती कामापुरतंच बोलली.

समितीत तिघं होते. हिरामणनं हर्षालीचा तक्ता मांडला, स्वतःच्या बारा नळ्या मांडल्या, आणि चूक कोणत्या साली सुरू झाली ते रजिस्टरच्या पानासकट दाखवलं. अध्यक्ष वयस्क गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून मुळं जवळून पाहिली.

"जिवाणू गोठवून, वाळवून का ठेवला नाहीत?"

"यंत्र नाही सर. तीन वेळा मागितलं."

"पुण्याच्या जिवाणू-संग्रहाकडे पाठवायचा."

"पाठवायला हवा होता," हिरामण म्हणाला. ते त्याला खरंच कधी सुचलं नव्हतं. सतरा नंबर आपल्या हातचा जाऊ नये, असं त्याला वाटायचं.

जेवताना अध्यक्षांनी हर्षालीच्या प्रयोगाची मांडणी नेमकी असल्याचं मुद्दाम सांगितलं. हिरामणला त्यांनी आणखी एक पोळी घ्यायचा आग्रह केला.

पत्र मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. अकरा वर्षांत मुदतीआधी आलेलं ते पहिलंच पत्र. दुसऱ्या टप्प्याची शिफारस करता येत नाही. प्रयोगशाळा विभागाकडे सुपूर्द करावी. जिवाणू असे फेकता येत नाहीत, आधी मारावे लागतात. हिरामणनं सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरात, रचल्या, पंधरा पौंडांचा दाब, वीस मिनिटं. नळ्या धुऊन, पालथ्या घालून त्यानं किल्ली मयूरच्या टेबलावर ठेवली. मयूर वर्गात होता.

जूनमध्ये अंबडच्या एका सॉसच्या कारखान्यात त्याला तपासनिसाचं काम मिळालं. मालकाच्या भाच्यानं अर्ज वाचून सुचवलं की पीएच.डी. खोडून टाका, बाकीची पोरं बिचकतात. हिरामणनं खोडली. काम सोपं होतं. टोमॅटोच्या रसात जिवाणू नाहीत, असं रोज लिहून द्यायचं.

सुट्टीच्या दिवशी तो तेवीस शेतकऱ्यांची यादी घेऊन निघायचा. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पेरणीआधी प्रत्येकाला गाठून सांगायचं की उरलेलं पाकीट लावू नका, त्यात काही राहिलेलं नाही. बहुतेकांनी बरं म्हटलं. काहींना पाकीट आठवतही नव्हतं. सोळावा बहिरू सांगळे. नांदूरशिंगोट्याच्या पलीकडे त्याची वस्ती. त्यानं बाजेवर गोधडी टाकून हिरामणला बसवलं आणि सगळं शांतपणे ऐकलं.

"नाय पण डॉक्टर," तो म्हणाला, "तुमच्या पाकिटानं मला एकरी सात क्विंटल झाला. कधीच नव्हता झाला."

"त्या साली परतीचा पाऊस चांगला होता, बहिरूभाऊ."

"पाऊस सगळ्यांनाच व्हता. शेजारच्याला पाचच झाला."

"त्याच्या रानात मुरूम आहे. तुमची काळी आहे."

"आता तुम्हीच आणलं न् तुम्हीच नावं ठेवता." बहिरू हसला. बायकोला चहा टाकायला सांगितला. "हे बघा, दुकानदार त्याच्या वस्तूला वाईट म्हणतो, तव्हा समजायचं माल दुसरीकडं चाललाय. आमाला काय कळत नाय का? कोणाला द्यायला लागले?"

हिरामणनं पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. नळी, गाठ, आठवड्याचं सबकल्चर, चार-पाच वर्षं वाया गेलेली. बहिरू मान हलवत ऐकत होता. दोघांचा चहा संपला.

"ते समदं खरं," बहिरू म्हणाला. "पण मला दोन ठेवा. कांदा काढून तिथं बी हरभराच टाकायचाय."

हिरामणनं यादीत बहिरूच्या नावापुढं 'सांगितलं' असं लिहिलं, आणि सतरावं घर कुठं, ते विचारलं.