मंडळाचा दुखवटा

आमच्या महिला मतदार जागृती मंडळाचा अधिकृत इतिहास एका पानात मावतो, आणि त्यातलं अर्धं पान दीपप्रज्वलनातच संपतं. ते पान मीच लिहिलं आहे. मी मंडळाची सचिव, गावच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. वळणदार अक्षर असलेल्या माणसाला आपल्याकडे सचिव करतात आणि मग मरेपर्यंत सोडत नाहीत. 'मान्यवरांच्या शुभहस्ते', 'महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद', 'लोकशाही बळकटीकरण' हे सगळं त्या पानावर आहे. जे नाही, ते इथं लिहिते.

मंडळ निघालं ते तालुक्याहून आलेल्या एका साहेबांमुळे. त्यांना वर कुठंतरी कळवायचं होतं की गावोगावी अशी मंडळं निघाली. समाजमंदिरात पहिली सभा झाली. बॅनर भिंतीपेक्षा लांब होता, म्हणून 'जागृती मंडळ' एवढंच दिसत होतं, 'महिला मतदार' कोपऱ्यात दुमडलं गेलं होतं. श्रोत्यांत आम्ही तिघीच. मी, उपकेंद्रातल्या सिस्टर, ज्यांना आम्ही खजिनदार केलं, आणि अक्का, ज्यांना अध्यक्ष केलं. अक्का म्हणजे बाजाररस्त्यावरच्या बी-बियाणं, खताच्या दुकानदाराची बायको. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. साहेबांनी आम्हा तिघींना उद्देशून 'जमलेल्या तमाम माताभगिनींनो' अशी सुरुवात केली आणि पाऊण तास बोलले.

साहेब गेल्यावर अक्का म्हणाल्या, "बाई, मतदार जागृतीला कोण सोडल बायकांना? कुटं जायलीस, कशाला जायलीस, कोन्त्या पक्षाचं हाय, धा सवाल. हळदी-कुंकवाला कोणी काही इचारत न्हाई."

"आन् आमच्या वस्तीतल्या बायका?" सिस्टरनी विचारलं. त्या बौद्ध. "आमी न्हाई लावून घेणार कुंकू."

"नका लावू. ताट तुमच्यापुढून सरळ जाईल."

"आमच्या घरून मतदानाच्या नावानं सोडतेत, अक्का. तुमच्यातल्या बायकांसाठी कुंकू काढावं लागतंय. लय मागास बगा तुमी लोक."

अक्का खदखदून हसल्या. ठरलं ते असं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आणि पुन्हा चैत्रात, आमची लोकशाही हळदी-कुंकवाच्या ताटावरून फिरायला लागली. फ्रिजच्या खोक्याचा मतदान कक्ष केला. पुठ्ठ्याचं यंत्र मी रंगवलं. चिन्हं म्हणून बादली, कात्री, पोळपाट आणि छत्री. वाण म्हणून ओळखपत्र ठेवायचं प्लास्टिकचं पाकीट.

यंत्र कुणीही शिकवलं असतं. अक्कांचा खरा तास त्यानंतर असायचा. बटण दाबून घरी गेल्यावर काय, हा तो तास. अक्का नवरा व्हायच्या, कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहायच्या.

"कोणाला दिलंस गं?"

समोरची पोर लाजून गप्प.

"गप बसलीस की संपलं. आता शिव्या तुझ्या आईपर्यंत जातील. बोल!"

"तुमी... तुमी सांगितलं तिथंच."

"माझ्या डोळ्यात बगून बोल. जमिनीकडं बगून खोटं बोलत्यात व्हय?"

बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या आणि मग एकेक जण उठून नवऱ्याच्या डोळ्यात बघण्याचा सराव करायची. मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, पण गुप्त मतदानाचा धडा खोक्यात संपत नाही, घराच्या उंबऱ्यावर सुरू होतो, हे मला त्या तासात कळलं. पुस्तकात तो पाठ नव्हता.

मग अक्कांचे यजमान वारले.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात दुकान अक्काच सांभाळत होत्या, घरातून, फोनवर. कुठल्या कंपनीचं बियाणं काळ्या रानात उगवतं आणि कुठलं फक्त जाहिरातीत उगवतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. दिवस-कार्य झाल्यावर मी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, मला दुकानात बसायचंय. गादीवर. फोनवर न्हाई."

बाहेर ओसरीवर त्यांचे दीर होते. त्यांनी ऐकलं असावं. "वहिनी, आधी सावरा तुमी. दुकान कुटं पळून जायलंय?" फार मायेनं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः गादीवर बसायला लागले, वहिनी सावरेपर्यंत.

संक्रांत आली. अक्का हळदी-कुंकवाला आल्या. त्यांच्या घरच्या पंथात विधवेच्याही कपाळी विभूती आणि गळ्यात लिंग असतं; शुभ-अशुभाच्या या भानगडी त्यांच्या संतांनी कित्येक शतकांपूर्वी निकालात काढल्या, हे अक्काच आम्हाला सांगायच्या. निकाल मात्र अजून आमच्या गल्लीत पोचला नव्हता. ताट घेतलेली सून त्यांच्यापुढं येऊन थबकली, आणि तिच्या सासूनं पटकन ताटावर पदर धरला. अक्का म्हणाल्या, "मी दारातून सांगते." दारातून सांगितलं. चैत्रात निम्म्या बायका आल्या नाहीत. त्यांच्या घरी कळलं होतं की अक्का असतात.

"मग कुंकूच बंद करा," सिस्टर म्हणाल्या. "महिला मेळावा म्हणा."

महिला मेळावा म्हणून पाहिला. सिस्टरच्या वस्तीतल्या बायका आल्या, सतरंजीच्या एका कडेला बसल्या, आणि उरलेली सतरंजी माझ्याकडे बघत राहिली. कुंकू ठेवलं तर अक्का येऊ शकत नव्हत्या, काढलं तर बाकीच्या. मी पुढचं हळदी-कुंकू अक्कांशिवाय घेतलं. दारात उभा राहिलेला नवरा मला काही जमला नाही. मी कमरेवर हात ठेवला तर बायकांना शाळेतली हजेरी आठवायची.

वाट सापडली ती चुकून. एक पोर अक्कांना भेटायला गेली. दुःखाच्या घरी भेटायला जाते म्हटलं की आमच्याकडे घरात कोणी अडवत नाही. उलट सासूच म्हणते, जाऊन ये, बरं दिसत नाही. रडून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "अक्का, आता दोन-दोन बटणं दाबायची म्हणतेत, खरं का?" अक्कांनी तिला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती वेगवेगळी समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी तिनं जावेला पाठवलं. आठवड्याभरात अक्कांच्या माजघरात मंडळाचा वर्ग भरायला लागला. पुठ्ठ्याचं यंत्र मी शालीखाली झाकून नेलं. फ्रिजचं खोकं न्यायची गरज नव्हती. आडोशाला देवघराचं दार होतं.

एकदा वर्ग ऐन रंगात असताना एक म्हातारी सासू सुनेच्या मागोमाग आत आली. अक्कांनी क्षणात पदर डोळ्याला लावला, "गेले हो माझे..." सगळ्या जणी रडायला लागल्या. काही जणी चांगल्या रडल्या. प्रत्येकीकडे स्वतःचं काहीतरी असतंच. म्हातारी टेकली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "रडून झालं आसल तर ते शालीखालचं मलाबी दाखवा. मागल्या टायमाला माझ्या हाताला धरून लेकानंच दाबलं बटण. मला दिसतंय की चांगलं."

तेव्हा आम्ही फार हसलो. माझ्या लक्षात यायला वेळ लागला की या वर्गाला एक अट होती. अक्कांचं दुःख संपता कामा नये.

ज्या दिवशी त्या दुकानात बसतील, त्या दिवशी गाव म्हणणार, सावरल्या. सावरलेल्या बाईला भेटायला कोण जातं? आणि दुकान म्हणजे पुरुषांचा राबता, तिथं बायकांना काय काम? अक्कांना हे माझ्या आधी कळलं होतं. "निवडणूक होऊ दे बाई," त्या म्हणायच्या. "मग बसते."

निवडणूक होईना. आज लागते, उद्या लागते म्हणता म्हणता पुढं ढकलली गेली, मग पुन्हा. पुण्याच्या साहेबांना, मुंबईच्या साहेबांना, कोर्टाला, सगळ्यांना आपापली कारणं होती. त्या कारणांमध्ये आमच्या गावातली एक बाई पांढुरकं लुगडं नेसून बसली आहे, हे कुठल्याच अर्जात नव्हतं. लेकीकडे नांदेडला बारसं होतं, अक्का गेल्या नाहीत. बहिणीच्या घरचं लग्न होतं, गेल्या नाहीत. बायका यायच्या, त्यांच्यासाठी दार उघडं ठेवावं लागायचं. मी एकदा म्हणाले, "अक्का, पुरे करा आता. बायका शिकल्यात."

"नव्या सुना आल्यात दोन गल्लीत. त्या?"

दीर ताडकळसच्या आठवडी बाजारात लोकांना सांगायचे, "वहिनी अजून खचलेल्याच हायेत. रोज बायका येतेत, रडारड चालूच. त्यांना कशाला दुकानाचा ताप?" त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दुकानाच्या पाटीवर भावाच्या नावाखाली त्यांचं नाव आलं, मग भावाचं गेलं. दिवाळीच्या पाडव्याला पूजेला तेच बसले. अक्कांना प्रसाद घरपोच आला.

"भाऊजींनी पेढे चांगले आणलेत," अक्का एवढंच म्हणाल्या. पेढा वर्गात वाटला. नंतर नेहमीप्रमाणे नवरा होऊन दारात उभ्या राहिल्या, पण त्या दिवशी त्यांना काय विचारायचं ते आठवेना. सिस्टरनीच प्रश्न विचारला.

शेवटी एकदाची निवडणूक लागली. मतदानाच्या दिवशी आमच्या शाळेत बायकांची रांग आवाराबाहेर गेली. म्हातारीनं लेकाला हात धरू दिला नाही, "मला दिसतंय," म्हणून ओरडली. कोणी कुणाला मत दिलं, ते मला माहीत नाही, आणि माहीत नसावं हाच तर एवढा खटाटोप. बाहेर मोठ्या बॅनरपुढं बोटं वर करून फोटो चालले होते. तालुक्याचे नवे साहेब मला म्हणाले, मंडळाचा इतिहास एका पानात लिहून द्या.

अक्का बोटाला शाई लावून बाहेर आल्या आणि घराकडे न वळता बाजाररस्त्याला लागल्या. मी त्यांच्याबरोबर गेले. दुकान उघडं होतं. दीर गादीवर होते.

"वहिनी? काय झालं?"

"काही न्हाई. बसायला आले."

त्यांनी भोवतीच्या माणसांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. त्यातली माया अजूनही खरी होती, हेच अवघड होतं. "आवं, काल सांजच्यापर्यंत बायका तुमच्याकडं रडायला यायल्या होत्या. आन् आज तुमी दुकानात? मान्सं काय म्हणतील? थोडं थांबा. घाई काय हाय?"

अक्कांकडे उत्तर होतं. ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते सांगितलं असतं तर बाजारात उभ्या असलेल्या चार नवऱ्यांना कळलं असतं की त्यांच्या बायका इतके महिने कशासाठी रडत होत्या. मी तोंड उघडलं. अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला.

गिऱ्हाइकांसाठी भिंतीशी बाक होता. अक्का त्याच्यावर बसल्या. मी शेजारी बसले. दीर गादीवरून उठले नाहीत, आणि त्यांना घरी जा असंही म्हणवेना. त्यांनी समोरच्या हॉटेलातून चहा मागवला, दोन कप, बशीसकट, पाव्हण्यांना देतात तसा.

एक शेतकरी आला. हरभऱ्याला कीड पडली होती, औषध मागत होता. दिरांनी एक डबी काढून दिली. अक्कांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. औषध चुकीचं होतं, हे मला त्या नजरेवरून कळलं. शेतकरी पैसे देऊन गेला.

चहा संपला. आम्ही बसून राहिलो. दिरांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं.

"भाऊजी," अक्का म्हणाल्या, "उद्या किती वाजता उघडता?"

"नऊ. का?"

"विचारलं."