आईच्या कुड्यांसाठी टोचलेले कान

आईचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी भावजयीने तिचं कपाट उघडलं. मी शाळेतून शिकवून येऊन चहा टाकत होते. या हिंदी मुलखात, गंगेच्या ब्रह्मा घाटाजवळच्या भाड्याच्या घरात आम्ही चौघं राहायचो: आई, मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. माझं लग्न झालं नाही. शेवटची वर्षं आई अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं मीच केलं. एकदा अंग पुसून देताना ती म्हणाली होती, "माझ्या मोत्याच्या कुड्या तुला हं." तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो.

भावजयीने कुड्यांची डबी बाहेर काढली. "ताई, तुमचे तर कानच बुजलेत. या बेकार पडून राहतील. मी घालत जाईन."

"आईने मला देऊ केल्या होत्या."

"केव्हा? आम्ही नाही ऐकलं."

मी भावाकडे पाहिलं. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "ताई, छोड ना. तू घालणार आहेस का कधी?"

"घालणार आहे."

"मग घालून दाखवा," भावजय हसून म्हणाली. तिच्या हसण्यापेक्षा भावाने मान वर न करणं मला जास्त लागलं. मी डबी घेतली आणि माझ्या ट्रंकेत ठेवली.

लहानपणी माझे कान टोचले होते, पण ते सारखे चिघळायचे. शेवटी आईने बाळ्या काढून टाकल्या आणि भोकं बुजून गेली. हे ठाऊक असूनही चाळिशी उलटल्यावर मी गोदौलिया बाजारातल्या एका दुकानात स्टुलावर जाऊन बसले. "चींटी काटने जैसा लगेगा, बहनजी," म्हणत दुकानदाराने यंत्राने दोन्ही पाळ्या टोचल्या. कानांत घातलेल्या खड्यांना नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं होतं. मागच्या फिरक्या त्याने गच्च दाबून बसवल्या.

आधी नुसती खाज सुटली. मग पाळ्या लाल झाल्या, गरम लागू लागल्या. भावजयीने सरसोच्या तेलात हळद गरम करून दिली. "लावा, सूज उतरेल." तिने ते वाईट हेतूने दिलं असं मी म्हणणार नाही. मी लावलं आणि डावा कान आणखीच फुगला. भर उन्हाळ्यात डोक्याला ओढणी गुंडाळून मी वर्गात शिकवायची. एका सकाळी हात लावून पाहिलं तर डावीकडची फिरकी लागेचना. ती मांसात रुतली होती. उशीवर पू लागला होता आणि अंगात ताप होता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. कान पाहून तिने विचारलं, "इस पर क्या लगाया?" मी सांगितलं. ती रागावली नाही, पण मला शरमल्यासारखं झालं. पाळी बधिर करून तिने फिरकी बाहेर काढली. म्हणाली, जखमेत जंतू गेलेत, आणि या खड्यांतला निकेल धातू तुम्हाला सोसत नाही. फिरकी घट्ट असल्यामुळे सुजेला पसरायला जागाही राहिली नाही. तिने गोळ्या लिहून दिल्या. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवायचं, तेल-हळद बंद, धुतल्याशिवाय हात लावायचा नाही.

सूज उतरली. आईच्या कुड्या सोन्यात घडवलेल्या होत्या, त्या हळूहळू सोसू लागल्या. दिवाळीला मी त्या घालून बाहेर आले. "छान दिसतात," भाऊ म्हणाला. भावजय फराळाची ताटं भरत राहिली. मी जिंकले होते आणि त्या दोन शब्दांपलीकडे घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

हिवाळ्यात डाव्या पाळीच्या मागे गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, फक्त खाजायची. पण बघता बघता ती बोराएवढी झाली. मी पुन्हा त्याच डॉक्टरकडे गेले.

"ये केलॉइड है," ती म्हणाली. जखम भरून आल्यावरही शरीर तिथे मांस चढवत राहतं. नुसती कापली तर बहुधा पुन्हा येते, पहिल्यापेक्षा मोठी. गाठीतच इंजेक्शनं द्यावी लागतील, वेळ लागेल. "घर में किसी को ऐसा है?"

मला आईचा दंड आठवला. देवीच्या लशीचा तिचा वण जाड, तुळतुळीत, वर आलेला होता. अंग पुसताना ती म्हणायची, "तिथे जरा खाजव." कित्येक वर्षं मी तो खाजवला होता.

"आईला होतं," मी म्हणाले.

"फिर कान कभी मत छिदवाइए. जो पहना है, उतार दीजिए."

सुई गाठीत शिरताना डोळ्यांतून पाणी आलं. आईच्या मृत्यूनंतर मी तशी रडले नव्हते. शेजारची नर्स म्हणाली, "बस, हो गया," आणि माझं रडणं मात्र थांबेचना.

घरी येऊन कुड्या डबीत घातल्या आणि डबी भावजयीपुढे ठेवली. ती डबी उचलून आत गेली. भाऊ म्हणाला, "पहले ही दिल्या असत्यास तर एवढा त्रास कशाला झाला असता, ताई?"

त्याच महिन्यात शाळेजवळ एक खोली घेतली. गाठ आता चपटी झाली आहे, गेलेली नाही. इंजेक्शनला सोबत येऊ का, असं भावाने फोनवर एकदा विचारलं होतं. मी नको म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं नाही.