पिल्लांची पाचवी

अंधांना वाट दाखवणारी कुत्री जिथे तयार होतात, त्या केंद्रात मी नोकरीला आहे. आमच्या चंपा कुत्रीच्या पिल्लांना परवा पाच दिवस झाले. संध्याकाळी पाहिलं, तर त्यांची देखभाल करणाऱ्या सरूमावशी पिल्लं ठेवलेल्या पेटीजवळ कोरा कागद आणि पेन ठेवत होत्या.

"मावशी, हे काय?"

"पाचवी आहे. सटवाई नशीब लिहायला येईल."

"यांचं नशीब आपण आधीच ठरवलंय की."

"काम ठरवलंय. आधी जगायला नको?" त्यांनी सगळ्यात लहान पिल्लाकडे पाहिलं. ते दोन दिवस आईला लुचत नव्हतं. मावशी त्याला दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध पाजत होत्या.

माझ्या पाचवीलाही असाच कागद ठेवला होता म्हणे. घरात कुणालाच लिहिता येत नव्हतं, म्हणून वडिलांनी शेजारच्या गुरुजींकडून पेन मागून आणलं होतं. मी घरातला पहिला पदवीधर झालो, ते कुणी लिहिलं ठाऊक नाही. पेन मागायला गेलेले वडील मात्र डोळ्यांसमोर येतात.

आज सकाळी ते पिल्लू भावंडांना ढकलत चंपाला लुचत होतं. मी मावशींना हात जोडले.

"मला कशाला? दांडगं झालंय ते. आधी दुसऱ्याला वाट द्यायला शिकवा त्याला."