झरोक्यातलं पोतं

किन्हीराजापासून कोसभर आत आमचं गाव, आणि गावाला लागून नाल्यापलीकडे तांडा. त्या तांड्यावरून भुरीबाई निघाली की ती दिसायच्या आधी ऐकू यायची. नाला ओलांडताना सुरू झालेलं बोलणं आमच्या अंगणात येऊनही अर्ध्यावरच असायचं. आमची सून विमलबाई तो आवाज ऐकूनच पाणी तापायला ठेवायची.

काम तिचं एकच, बाळंतिणीला आणि लेकराला न्हाऊ घालणं. चाळीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नाही. गावातला चाळिशीच्या आतला कोणीही माणूस घ्या, त्याचं नाक भुरीबाईनं तेलाच्या बोटांनी ओढून सरळ केलेलं आहे. माझा नातू हरीओम आता वाशीमला मोटारसायकली दुरुस्त करतो. एकदा भर दुकानात, चार गिऱ्हाइकं उभी असताना ती त्याला म्हणाली, "हे नाक माह्यं हाय बरं! तू जलमला तवा नाकाच्या जाग्यावर वडा होता, वडा." हरीओम गाडीखाली शिरला तो गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाहेर आलाच नाही.

आमच्याकडे एक तलाठी होते, त्यांची बायको शिकलेली. लेकराला कसं न्हाऊ घालावं याचं पुस्तक हातात घेऊन ती न्हाणीत बसली. भुरीबाईनं पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, ते बाहेर ठेवा. भिजीन." झालं. पुढचे चाळीस दिवस पुस्तक बाहेरच राहिलं.

अशी ही बाई. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय गावात लेकरू लेकरू होत नसे. आणि त्याच भुरीबाईनं मागच्या हिवाळ्यात एका सकाळी हात आवरले, कोणाच्याच लेकराला लावेना. ते कसं झालं ते सांगतो. त्यात माझाही हात आहे, आणि तो मी बरेच दिवस सांगितला नव्हता.

भुरीबाईचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे वारं. ती म्हणायची, बाळंतिणीची हाडं चाळीस दिवस उघडी असतात, त्यात वारं शिरलं की म्हातारपणापर्यंत निघत नाही. म्हणून न्हाऊ घालायच्या आधी ती तळहात ओला करायची आणि न्हाणीच्या चारी भिंतींवरून फिरवायची. जिथं गार लागेल तिथं वारं. तिथं चिंधी कोंबायची. फट राहिली नाही अशी खात्री झाली की मग बाळंतीण आत.

आता हे काही येडेपण नव्हतं बरं का. आमच्या जुन्या न्हाण्या म्हणजे चार फरशा आणि तुराट्यांचा आडोसा. चूल अंगणात, पाणी अंगणात तापायचं, घागरीनं आत यायचं. आग बाहेर, माणूस आत. फटी बुजवल्या तर ऊब राहायची, दुसरं काही व्हायचं नाही.

पण आम्ही न्हाणीची बाथरूम केली. टाइल बसवली, लोखंडी दरवाजा लावला, आणि वर वीतभर झरोका ठेवला. आमची नात राखी, हरीओमची बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. विजेचा काही भरोसा नाही, म्हणून हरीओमनं गॅसचा गिझर आणला. दोन सेल टाकायचे, नळ फिरवायचा, टक्क करून पेटतो. बसवणाऱ्यानं बजावलं होतं, "हा बाहेरच्या भिंतीवर लावा. आत लावायचा तर झरोका कधीच बंद करू नका." हरीओम म्हणाला, "बाहेर? माकडं राहू देतीन काय? परवा डिशची छत्री वाकवली त्यायनं." माकडांच्या भीतीनं गिझर आत गेला.

मी तर इतका खूश झालो की दिसेल त्याला धरून आणायचो आणि नळ फिरवून दाखवायचो. शेजारच्या गोजराबाईनं पाहिला आणि आठ दिवसांत तिच्याही बाथरूममध्ये तसाच गिझर लागला.

राखीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आली, आणि आठव्या दिवशी पहिलं मोठं न्हाणं ठरलं. पौषातली थंडी होती. भुरीबाई बाथरूममध्ये गेली, ओला हात वर केला आणि ओरडली, "हे पाहा! भसभस वारं येऊन राह्यलं. पोरीचं डोस्कं धरन ना!"

झरोका तिच्या हाताला लागेना. मला म्हणाली, "भाऊ, तुमी उंच हाय. कोंबा काहीतरी."

मी स्टूल घेतलं. खताचं रिकामं पोतं चौपदरी घडी करून झरोक्यात कोंबलं. वर काठीनं चारी कोपरे ठोकले. राखी दारात उभी राहून पाहत होती. उतरलो तेव्हा भुरीबाईनं हात फिरवला आणि म्हणाली, "आता कसं! मुंगीले श्वास नाई भेटायचा."

आधी लेकराचं न्हाणं झालं. दार किलकिलं करून तिनं गुंडाळलेली पोरगी माझ्या हातात दिली. मी अंगणात उन्हात बाजेवर बसलो. आत राखीचं सुरू झालं. बाळंतिणीला काही दोन तांबे पाणी पुरत नाही. धार चालूच ठेवायची, कंबर शेकायची, पाठ शेकायची. गिझर एकसारखा पेटलेला.

आणि भुरीबाईचं तोंडही चालू होतं. तिच्या बकरीची गोष्ट होती. बकरी म्हणे ग्रामपंचायतीत शिरली, सभा चालू असताना, आणि टेबलावरचा ठरावाचा कागदच तिनं तोंडात धरला. "सचिव मांगं, बकरी पुढं. मंग त्या बकरीनं..."

आणि पुढे काही नाही.

मी बकरीची वाट पाहत बसलो. खरं सांगतो, मला आधी हसूच येत होतं. मग लक्षात आलं की पाणी तर वाहतंय. मी हाक मारली, "भुरीबाई, बकरीनं काय केलं?" उत्तर नाही. चाळीस वर्षांत या बाईनं विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही असं झालेलं नव्हतं. ओरडलो तशी विमलबाई धावत आली. पोरगी तिच्या हातात दिली आणि मी दारावर लाथा मारल्या. कडी आतून. "कडी काढ! भुरीबाई, कडी!"

आतून काहीतरी घासत आल्यासारखा आवाज आला. कडी खटकली. भुरीबाई उंबऱ्यावर आडवी पडली होती, सरपटत तेवढीच येऊ शकली होती. तिच्या मागे राखी भिंतीला टेकून, मान एका बाजूला, डोळे अर्धे उघडे. धूर नाही, वास नाही. वर गिझर आपला जळतोय.

दोघींना ओढून अंगणात मोकळ्यावर आणलं. पोरगी बाजेवर ठेवून विमलबाईनं सिलेंडर बंद केलं. शेजाऱ्याच्या गाडीतून वाशीमला नेलं. रस्ताभर मी राखीचे गाल थापटत होतो, तिनं डोळा उघडला नाही. त्या रस्त्यानं आजही मी एसटीतून जातो तेव्हा खिडकीबाहेर पाहत नाही.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळानं राखी हलली आणि पहिलं विचारलं, "पोरगी कोठी हाय?"

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, "गॅस जळायला हवा लागते. खोली कोंडलेली असली की हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला वाटतं, झोप येतेय. झरोका नव्हता का?"

"होता," मी म्हणालो.

"मग बंद कोणी केला?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी भुरीबाईनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "म्या कोंबलं," ती म्हणाली.

मी तोंड मिटलं.

मग तिनं डॉक्टरला आणखी एक विचारलं. "अन् शेगडी, बाई? कोळशाची? बाळतिनीच्या खाटेखाली ठेवतो ते?"

"दार बंद करून? आजी, कोळशातून तोच वायू निघतो. तेही तितकंच वाईट."

भुरीबाईनं मास्क परत लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवसानंतर ती तांड्याबाहेर निघेना.

इकडे मी काय केलं? मी गोष्ट सांगितली. पारावर सांगितली, पिठाच्या गिरणीवर सांगितली, कारंज्याच्या एसटीत अनोळखी माणसाला सांगितली. बकरीपाशी लोक हसायचे, कडीपाशी गप्प व्हायचे. रंगायची गोष्ट. फक्त पोतं कोंबणारा हात त्यात माझा नव्हता. 'भुरीबाईनं झरोका बंद केला' एवढंच असायचं. ती स्वतःच म्हणाली होती ना!

गोजराबाईनं गिरणीवर ते ऐकलं. तिची सून वैष्णवी तेव्हा भरल्या दिवसांची होती. गोजराबाई म्हणाली, "बाप्पा! झरोक्याचं काय घेऊन बसले, तिचा हातच वाईट. मंग आता तिले कोन हात लावू देते? मी मंगरूळहून बाई आनतो."

तरीही मी काही बोललो नाही. बोलली ती राखी. एक दिवस मी पाहुण्यांना गोष्ट सांगत होतो, ती पोरीला मांडीवर घेऊन ऐकत होती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "आबाजी, पोतं तुमीच कोंबलं. म्या पाह्यलं. सांगत काहून नाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नाला ओलांडला.

भुरीबाई ओट्यावर बसली होती. बकरी समोर बांधलेली. मी म्हणालो, "भुरीबाई, पोतं माह्या हातचं होतं. तू आपल्या अंगावर घेतलं अन् म्या घेऊ देल्लं. आता गावात सांगतो."

"सांगा नाई तं नका सांगू," ती म्हणाली. "तुमचं एक पोतं, भाऊ. माह्या शेगड्या किती?"

मला समजलं नाही. मग ती म्हणाली, "भागिरथा."

भागिरथा तिची धाकटी जाऊ. तीसेक वर्षं झाली. असंच हिवाळ्यात बाळंत झाली होती. भुरीबाईनं तिला न्हाऊ घातलं, खाटेखाली ओव्याच्या धुरीची कोळशाची शेगडी ठेवली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि लेकरू घेऊन उन्हात बसली. परत आली तर भागिरथा झोपलेली. ती उठलीच नाही. तांडा म्हणाला, पिंपळावरच्या बाईनं नेली. गावही तेच म्हणालं, मीही म्हणालो असेन.

"दरसाल त्या पिंपळाले नारळ फोडला म्या," भुरीबाई म्हणाली. "तो पिंपळ म्हनत असन, बाई, मले काहून?" हसल्यासारखं केलं तिनं, पण हसू झालं नाही. "किती बाळतिनी म्हनत, काकू, भवंड येते, डोस्कं ठनकते. मी म्हनो, अशक्तपना हाय. अन् आनखी एक चिंधी कोंबो. आता हात उचलत नाई, भाऊ."

काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, "गोजराबाईच्या वैष्णवीचं आज पहिलं न्हानं हाय. मंगरूळची बाई आली."

"गिझर?"

"आमच्यासारखाच."

"झरोका?"

"काल गोजराबाई गोधडीचा तुकडा शोधून राह्यली होती." तो कशासाठी, ते मला बोलता बोलताच उमगलं.

भुरीबाई उठली. चप्पलही घातली नाही. नाल्याच्या दगडांवरून ती पुढे आणि मी मागे, मला सत्तराव्या वर्षी तिच्या पावलाला पाऊल मिळेना.

गोजराबाईच्या अंगणात पोचलो तेव्हा दार नुकतंच लागत होतं. भुरीबाईनं ते ढकललं. गिझर पेटलेला, वैष्णवी पाटावर बसलेली, मंगरूळची बाई हातात तांब्या घेऊन थांबलेली. भुरीबाईनं आधी नळ बंद केला, गिझर विझला. मग तळहात ओला करून झरोक्याकडे धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला तिथं वारं हवं होतं, आणि ते नव्हतं. ती स्टुलावर चढली आणि गोधडीचा तुकडा उपसून अंगणात फेकला.

"अवो, बाळतिनीले वारं लागीन!" गोजराबाई ओरडली. "एक मरतामरता वाचली, आता माही सून भेटली काय?"

तेव्हा मी अंगणातूनच मोठ्यानं म्हणालो, "गोजराबाई, आमच्या घरचं पोतं म्या कोंबलं होतं. ह्या हातानं. तिनं नाई."

गोजराबाईनं माझ्याकडे वळून पाहिलं. "मंग इतके दिस गिरनीवर काय दळून राह्यले होते?"

मंगरूळची बाई तोंडाला पदर लावून हसली. मी मान खाली घातली.

भुरीबाईनं सांगितलं, "दार उघडं ठेवा. आधी बादल्या भरा, मंग गिझर बंद. आग विझल्यावर बाळतीन आत. अन् शेगडी अंगनात, खोलीत नाई."

"अन् थंडी?"

"थंडीनं शिंक येते, गोजराबाई."

आतून वैष्णवी म्हणाली, "काकू, तुमीच घाला. माही सासू काही म्हनो."

भुरीबाईनं बाह्या सारल्या. पहिला तांब्या ओतताना अर्धं पाणी बाहेर सांडलं, ते दाराच्या फटीतून वाहत माझ्या पायापर्यंत आलं.

आमचा गिझर आता बाहेरच्या भिंतीवर आहे. हरीओमनं माकडांसाठी त्याला जाळीचा पिंजरा केला. भुरीबाई पुन्हा घरोघर जाते. दार वीतभर उघडं ठेवून न्हाऊ घालते, आणि जाईल त्या घरात आधी चिंध्या उपसते. पण बोलत नाही. आतून नुसता पाण्याचा आवाज येतो, आणि तो मला सहन होत नाही. म्हणून आमच्या आळीत कुठंही न्हाणं असलं की मी बाहेर जाऊन बसतो आणि थोड्या थोड्या वेळानं हाक मारतो.

"भुरीबाई?"

"हाय, भाऊ."

तेवढंच. त्या बकरीनं पुढे काय केलं, ते मला अजून कळलेलं नाही.