तिच्या मेंदूचा फोटो

माझी पत्नी गेल्या वर्षी गेली. पण मी तिला गमावलं असं मला पहिल्यांदा वाटलं होतं ते नव्वदच्या दशकात, एका सकाळी.

अंबरनाथ पूर्वेला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि पाण्याचा नळ खाली होता. त्या दिवशी तिने एकटीने बादल्या वर आणून पिंप भरलं आणि विचारलं, “पाणी गेलं का?”

“गेलं. पिंप भरलंय.”

दोन मिनिटांनी पुन्हा तेच. पिंप दाखवलं, तर म्हणाली, “अगबाई, कोणी भरलं?” मला ओळखत होती, नीट चालत होती. फक्त सांगितलेलं काही तिच्यात राहत नव्हतं.

रिक्षाने तिला उल्हासनगरच्या एका इस्पितळात नेलं. तिथे डोक्याचा सीटी स्कॅन होत असे. तरुण सिंधी डॉक्टरांनी विचारलं, “माताजी, आपके पति का नाम?” तिने मान खाली घातली. त्यांनी पुन्हा विचारलं, तरी ती गप्पच. कागदावर काही लिहून ते मला हळूच म्हणाले, “नाम भी भूल गईं. फिर तो मामला गंभीर हो सकता है.”

इतक्या वर्षांत तिने मला ‘अहो’खेरीज हाक मारली नव्हती, हे मलाही त्या क्षणी सुचलं नाही. सुचलं ते तिथल्या आयाबाईंना. जवळच्याच गावच्या, आगरी.

“अवो डाक्टर, बायको नवऱ्याचा नाव असा घेल का?” मग हिच्याकडे वळून, “बाय, उखान्यान घे.”

हिने लग्नातला उखाणा पुटपुटला, माझ्या नावासकट.

“मोठ्यान! डाक्टरला आयकू नाय आला.”

दुसऱ्यांदा म्हणताना ही लाजली. डॉक्टरांनी हसत कागदावरचं खोडलं.

मग कुड्या आणि केसांतल्या पिना माझ्या हातात देऊन ती आत गेली. थोड्या वेळाने डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. रक्तस्राव नाही, गाठ नाही. असं विस्मरण काही तासांत ओसरतं, ते म्हणाले. पुढे मी वाचलं की नव्या यंत्रांत अशा वेळी मेंदूत कधी कधी बारीकसा ठिपका सापडतो, तोही एक-दोन दिवसांनी. आम्हाला काहीच दिसलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. त्या डॉक्टरांचा, आणि त्यांच्याहून जास्त त्या आयाबाईंचा.

दुपार कलल्यावर तिने विचारलं, “मला इथे का आणलंत?” मी सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत राहिली. पुढची दहा मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो, आता पुन्हा विचारेल या धास्तीने.

“मला इथे आणण्यापायी,” ती म्हणाली, “तुम्ही सकाळपासून काही खाल्लंच नसेल.”

खाल्लं नव्हतं.